समीरचं फोल्डर उडवलं तेव्हा

भूतबीत, बाहेरचं वगैरे कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जातो. सर्व्हर सांभाळण्यात पंधरा वर्षं गेली यार... प्रत्येक गोष्टीचा लॉग असतो, कधी काय झालं ते त्यात सापडतं, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय.

आम्ही नोएडात राहतो, सेक्टर बासष्टला. आमच्या मराठी मंडळाचे सगळे फोटो-व्हिडिओ एका सर्व्हरवर आहेत, तो मीच सांभाळतो. जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते, तिथले फोटो सगळ्यात जास्त. आणि त्यात जिथे तिथे समीर! मंडळाच्या नाटकात माझ्या बायकोचा, केतकीचा, हिरो. आता बंगळुरूला गेलाय, पण ही अजून त्याचे व्हिडिओ लावून खुदुखुदु हसते. माझ्या विनोदांवर कधी एवढी हसली नाही. जळायचो मी, सरळ सांगतो.

डिस्क भरली आणि आयतंच निमित्त मिळालं. रविवारी सकाळी केतकी पोहे करत होती, तेवढ्यात समीरचं अख्खं फोल्डर उडवलं. पण आमच्या सिस्टीममध्ये डिलीट केलं म्हणून जागा मोकळी होत नाही — नुसती नोंद जाते, फाईल तिथेच पडून राहते. मग सफाई चालवायची. जिची कुठेच नोंद नाही, ती फाईल कायमची जाते. त्याआधी बॅकअप घ्यायचा असतो. मी मुद्दाम घेतला नाही. म्हटलं, ही ब्याद परत यायलाच नको!

वीस मिनिटांत जागा मोकळी. खुशीत लॉग उघडला... गेलेल्या फाईलींत समीरची एकही नव्हती. सगळ्या माझ्या फोटोंच्या.

काला अंबचा ग्रुप फोटो उघडला. समीर आहे, केतकी आहे, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. तिथे मी होतो हो! मुद्दाम घुसून उभा राहिलो होतो.

केतकी बशी घेऊन आली. "अय्या, किती छान आलाय!"

"यात मी कुठंय?"

"अरे, तू कसा असशील? तूच काढत होतास ना!"

फोटो बसच्या ड्रायव्हरने काढला होता.

पुढे तो लॉग ऑफिसातल्या मित्राला दाखवला. "बिल्कुल नॉर्मल है भाई." मंडळात विचारलं, तर सगळे म्हणतात फोटो मीच काढला. उत्तर आजही नाही. पण त्या सकाळी केतकी जे बोलली, त्यापुढे उत्तराचं काय घेऊन बसलात!

मी म्हटलं, "मग मध्ये एवढी जागा का?"

ती पोह्यांची बशी टेबलावर ठेवून फोटोवर वाकली.

"खरंच की... एवढं लांब कशाला उभे राहिलो आम्ही?"