फ्लोट ट्यूब, बास मासा आणि दोन दमलेल्या बायका

आमची मुलगी इरा डॅलसच्या एका हॉस्पिटलात आयसीयू नर्स आहे. सलग शिफ्ट संपवून शुक्रवारी ती डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आमच्या घरी आली आणि बूट न काढताच दारात बसली. म्हणाली, "आई, उद्या फिशिंगला जाऊ. यू कम टू."

मला पोहता येत नाही. ऑफिसच्या कामाने मीही पिळून निघाले होते. पण तिचा चेहरा बघून हो म्हटलं.

पहाटे एका तळ्याकडे निघालो. डॅलस मागे टाकून पूर्वेकडे गेलं की पाइनची झाडं सुरू होतात. शेवटचा रस्ता खडीचा आहे, गाडी सावकाश चालवा. मासेमारीचं लायसन्स आदल्या दिवशीच ऑनलाइन काढा, तळ्यावर फोनला रेंज नाही. डब्यातली थालीपिठं आणि गॅस स्टेशनची कॉफी, एवढाच नाश्ता.

तळं छोटंसं, मोटरबोटींना बंदी. फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरलेली तरंगती खुर्ची. पाय पाण्यात, पायांत बदकासारखे फिन्स, आणि पाय मारत पाठमोरं जायचं. ट्यूब भाड्याने मिळते. लाइफ जॅकेट घालाच.

काठावरचे एक आजोबा म्हणाले, "दुपारी वारा सुटतो. त्याआधी परत फिरा."

कमळाच्या पानांजवळ इराच्या गळाला बास लागला. हिरवट, जाड अंगाचा, तोंड हे एवढं. खालचा ओठ धरून तिने तो उचलला, क्षणभर बघितला आणि सोडून दिला. मला काहीच मिळालं नाही. मला तर डुलकीच लागली.

जाग आली तेव्हा वाऱ्याने मला पार पलीकडच्या बांधापाशी नेलं होतं. पाय मारायला गेले तर पोटरीत गोळा आला. खाली किती पाणी होतं कोण जाणे. मी ओरडले, "इरा!"

ती आली. दोरीने माझी ट्यूब तिच्या ट्यूबला बांधली आणि पाय मारायला लागली. पाठमोरं जायचं असल्याने तिचं तोंड माझ्याकडे. वाऱ्याविरुद्ध इंच इंच. दोघींना दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

"दुखतंय?"

"तू दमलीस ना गं?"

"आय ॲम सो टायर्ड, आई." तिचे पाय थांबले नाहीत, पण डोळे भरून आले. "फिशिंगने नाही. मी आयसीयू सोडतेय. सोमवारी सांगणार आहे. प्लीज, डोन्ट से वेट."

थांब जरा, विचार कर, हेच माझ्या ओठांवर होतं. मी दोरी घट्ट धरली आणि म्हटलं, "बरं."

काठाला लागल्यावर आम्ही गवतावर नुसत्या पडून राहिलो. परतताना एका साध्या हॉटेलात तळलेला कॅटफिश खाल्ला. चव आठवत नाही.

ही ट्रिप करावी का? करा, पण दमलेले असाल तर सकाळीच उरका. माझ्या पोटऱ्या पुढे बरेच दिवस दुखत होत्या. मासा एकच, तोही सोडलेला. पण एवढा वेळ तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

घरी पोचल्यावर इरा सोफ्यावर पडली ती तशीच झोपली. नवऱ्याने विचारलं, "काय मग, मिळाले का मासे?"

मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "ती नोकरी सोडतेय. उठली की चहा विचार. बाकी काही विचारू नकोस."