माझ्या नावावरचं दुखणं

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा नेम नाही आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चुकून हे कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं सांभाळून घ्यावं.

"मैं तो बस इनके साथ आई हूँ."

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ताई हे वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. मग गोलात मांडलेली एक प्लास्टिकची खुर्ची हातभर मागं ओढायच्या, रुमालानं पुसायच्या आणि पर्स मांडीवर उभी धरून बसायच्या. आजारी माणसं गोलात, ताई गोलाबाहेर. "इनके" म्हणजे मी.

ती खोली नोएडात एका धर्मादाय दवाखान्याच्या वर होती. दर शनिवारी दुपारी तिथं आठ-दहा जण जमत. कुणाला घाबरं व्हायचं, कुणाला उगाच रडू यायचं, कुणाचं कशातच मन लागायचं नाही. एक डॉक्टरीणबाई आमच्यात बसायच्या आणि सगळ्यांनी आळीपाळीनं आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. औषध एवढंच. मला पहिल्यांदा वाटलं, बाईंकडच्या गोळ्या संपल्या असतील.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मयूर विहारच्या सोसायटीत. मूळच्या पुण्याच्या, बी.ए. झालेल्या. यजमान परदेशी कंपनीत, घरात कमी आणि विमानात जास्त. मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये. आमच्या जिन्यात मायक्रोवेव्ह पहिला त्यांच्याकडे आला. त्यात त्या फक्त दूध गरम करायच्या. बिनतारी फोन घेतला तेव्हा तो कानाला लावून आमच्या दारापर्यंत खाली यायच्या, किती लांबवर ऐकू येतं ते आम्हालाही कळावं म्हणून. दिल्लीचं पाणी, भाजी, माणसं, काहीच त्यांना पसंत नव्हतं. "आमच्या पुण्याला असं नसतं बाई." अशा ताई तुमच्याही जिन्यात असतील.

मुलीचं लग्न होऊन ती गेली त्या वर्षी मला ते सुरू झालं. बसमध्ये चढायची वेळ आली की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. बस समोरून निघून जायची आणि मी रिकामी पिशवी घेऊन परत. मिस्टरांना काय सांगणार? ते म्हणाले असते, गॅस झालाय, सोडा घे.

एकदा अशीच परत येताना ताईंनी मला जिन्यात गाठलं.

"पोटात खड्डा पडल्यासारखं होतं का गं?"

"हो."

"आणि वाटतं, आत्ता इथंच काहीतरी होणार?"

"हो ताई. तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय धाड भरलीये? वाचनात येतं माणसाच्या." मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "मी तुला एका ठिकाणी नेते. कुणाजवळ बोलू नकोस. नाव खराब होतं. तुझं गं!"

आपल्या यजमानांना ताईंनी सांगितलं, "मी समाजसेवा सुरू केली आहे."

पहिल्या शनिवारी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आप बताइए, क्या होता है?" माझा आवाजच फुटेना. मागून ताई म्हणाल्या, "इनको रात को नींद नहीं आती जी. बार बार उठकर गैस का सिलिंडर देखती हैं. और शाम को बिना बात रोना आता है."

मी मान वळवून बघितलं. उशीला डोकं टेकलं की मी थेट दूधवाल्याच्या हाकेला उठते. मिस्टर म्हणतात, घोरतेसुद्धा. मला वाटलं, ताईंचा घोटाळा झाला, दुसऱ्या कुणाचं त्यांनी मला लावलं. पण त्या तर दुसऱ्या कुणाला घेऊनच आल्या नव्हत्या.

आमच्यात एक सरदारजी अंकल होते. बँकेनं वेळेआधी घरी बसवल्यावर त्यांचं जगण्यातून मन उडालं होतं. ते मला म्हणाले, "बेटा, सिलिंडर बंद करो तो ज़ोर से बोलो, बंद कर दिया. कान सुन ले तो दिल मान जाता है."

मी मान हलवली. मागून ताईंनी विचारलं, "ज़ोर से मतलब कितना ज़ोर से?"

त्याच रात्री जेवताना वरून आवाज आला, "बंद कर दिया!" डॉक्टरांकडचं औषध जसंच्या तसं घ्यावं म्हणून पुण्याच्या बाईनं तेही हिंदीत घेतलं. मिस्टरांचा घास हातात राहिला. म्हणाले, "वर कोण आलंय?"

पुढच्या शनिवारी ताईंनी सांगितलं, "इनको थोड़ा फ़र्क है." अंकल मला "शाबाश" म्हणाले. मी ती शाबासकी घेतली.

माझं स्वतःचं सांगायला मला बरेच शनिवार लागले, तेही ताईंचा घसा बसला म्हणून. बसचं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर कंपनीतली एक मुलगी होती, फाडफाड इंग्रजी बोलणारी. ती म्हणाली, "आंटी, मुझे लिफ़्ट के सामने बिल्कुल यही होता है." मी तिच्याकडे बघतच राहिले. तोवर मला वाटत होतं, जगात हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय. छातीवरचा दगड कुणी सरकवावा तसं झालं. त्यानंतर आधी एकच स्टॉप गेले, मग दोन, आणि एक दिवस यमुनेचा पूल ओलांडून कस्तुरबा गांधी मार्गावर मिस्टरांच्या ऑफिसात डबा घेऊन उभी राहिले. मला एकटीला दारात बघून त्यांना वाटलं, गावाकडं कुणीतरी गेलं.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अब आप हर हफ़्ते न आएँ तो भी चलेगा."

"अभी कहाँ!" ताई मागून जवळजवळ ओरडल्या. "इनकी नींद?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला रागच आला होता. माझं दुखणं बरं झालं, आणि आता हे दुसऱ्याचं किती दिवस सांभाळायचं? पण ताईंचं काय? मी गेले तर त्या कुणाबरोबर येणार?

"नींद तो नहीं आती जी," मी म्हटलं. घोरणं ऐकणारा नवरा तिथं नव्हता म्हणून निभावलं.

"तो आते रहिए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

तो सगळा हिवाळा मी ताईंच्या दुखण्यानं आजारी होते. जिन्यात कुणी भेटलं की त्या माझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, "हिचं काही खरं नाही."

मग एका शनिवारी ताई खालीच आल्या नाहीत. मी वर गेले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. भरदुपारी अंगात गाऊन, केस विस्कटलेले. सिलिंडर स्वयंपाकघरातून ओढून बाल्कनीत नेऊन ठेवलेला. टेबलावर नुसते बिस्किटांचे कागद. यजमान सिंगापूरला.

"तू का आलीस? बरं नाही का वाटत?"

मी घाबरले होते, ते तोंडावर दिसत असावं. म्हटलं, "हो ताई, फार घाबरं होतंय. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी कशी जाऊ?"

त्यांनी आधी केस विंचरले. मग साडी नेसल्या.

नोएडाला येतच नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याशी त्या दिवशी मलाच भांडावं लागलं. खोलीत नेहमीचं वाक्य झालं, खुर्ची मागं गेली. माझी पाळी आली. ताई मागून म्हणाल्या, "इनके घर में तीन दिन से खाना नहीं बना. इनको लगता है, अब बनाकर भी क्या करना है."

अंकलांनी पिशवीतून डबा काढला. आलूचे पराठे होते. मी मनात म्हटलं, आता मला दुसऱ्यांदा जेवावं लागणार. पण अंकल माझ्यासमोरून पुढं गेले आणि डबा ताईंच्या पर्सवर ठेवला.

"बहनजी, इनकी तरफ़ से आप खा लीजिए."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे.

ताईंनी एक घास घेतला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मला मराठीत म्हणाल्या, "मिरची फार आहे गं." तीन पराठे त्या माझ्या तर्फे जेवल्या. तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इनको कहिए, फ़ोन करके पति को बुला लें." मी हो म्हटलं. यजमान दोन दिवसांत आले.

उन्हाळ्यापर्यंत वरून येणारी आरोळी बंद झाली. पुढच्या वर्षी यजमानांनी पुण्याला बदली मागून घेतली. सामानाचा ट्रक भरत असताना ताई सोसायटीच्या बायकांना सांगत होत्या, "हिला मी बरी केली. विचारा." बायकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

आता वर एक बँकवाले राहतात. रविवारी एसटीडीचे दर उतरले की ताईंचा फोन येतो.

"काय गं, झोप लागते का आता?"

"लागते ताई."

"काल पडल्या पडल्या झोपलीस. पावसाचा एवढा आवाज, पण तुला जाग नाही. सकाळी उठलीस ती उपमा करून खाल्लास. हो ना?"

आमच्या मयूर विहारात पावसाचा थेंब नव्हता.

"हो ताई," मी म्हटलं. "चांगला झाला होता उपमा."