सकाळची शाळा, दुपारची शाळा

महापालिकेच्या शिक्षण खात्यात संगणक आला आणि शहरातल्या सगळ्या शाळांचे चौथीचे निकाल एका यादीत छापून आले. बिबवेवाडीतली आमची इमारत एक, पण तिच्यात शाळा दोन, एक सकाळी आणि एक दुपारी. यादीत सकाळची शाळा अगदी वर होती. मी शिकवत होते ती दुपारची, तळाला. चौथीचा वर्ग माझा, त्यामुळे खात्याच्या साहेबांनी लेखी खुलासा माझ्याकडेच मागितला.

राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. तेच बाक, तोच फळा, तीच पुस्तकं. मग सकाळच्या मुलांना असं काय मिळत होतं? आठवडाभर मी लवकर जाऊन सकाळच्या चौथीत मागे बसले. काहीतरी थोर पद्धत बघायला मिळेल अशी आशा होती. तिथल्या बाई माझ्यासारखंच शिकवत होत्या, उलट जरा जास्तच कंटाळवाणं.

शेवटी मी माझंच प्रवेशाचं रजिस्टर उघडलं. वर्गातली अकरा मुलं सकाळच्या शाळेतून आलेली होती आणि प्रत्येकापुढे एकच शेरा होता, 'वेळ बदलून'. पालकांच्या सोयीनं बदलली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

त्यातल्या एका मुलीची आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. मुलगी वाचताना अडखळे, पण तोंडी गणितं माझ्या आधी सोडवी. सकाळची शाळा का सोडलीस, असं मी तिला विचारलं. तिनं सोडली नव्हतीच. वाचता येईना म्हणून तिकडच्या बाईंनी तिला दुपारी पाठवलं होतं. खुलासा मिळाला, पण साहेबांना तो आवडला नसता. मी तो तसाच लिहून पाठवला.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांची मुदत संपत होती. ही मुलगी परीक्षेला बसली नसती, तर तिची हुशारी माझ्या वर्गाबाहेर कुणालाच कळली नसती. मी अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि परीक्षेची वेळ सांगितली. तिनं तो हळूच माझ्याकडे परत सरकवला.

"परीक्षा सकाळची हाय, बाई," ती मलाच समजावत म्हणाली. "मी दुपारची हाय."

मी पेन तिच्या हातात दिलं आणि नाव लिही म्हटलं. एकेक अक्षर जुळवत तिनं ते लिहिलं. मग मान वर करून विचारलं, सकाळच्या बाई रागावणार तर नाहीत ना?