सोजरबाई गारमेंट्सचा चेक

राजश्रीनं नऊ वर्षं सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीन मारली. दिवाळी झाली आणि ती म्हणाली, बास, आता काम आपलं आपण घ्यायचं. कुंभारीतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं दोन मशिनी बसवल्या, शाळेच्या शर्टांची ऑर्डर धरली. सासू सोजरबाई लई फुगली. "लागलेला पगार सोडतीस? डोकं फिरलंय का काय?" तिचा राग उतरावा म्हणून राजश्रीनं बिलबुकावर नाव छापलं, सोजरबाई गारमेंट्स. म्हातारी खूश! दुसऱ्या दिवसापासून कात्री घेऊन शर्टांचे धागे तोडायला बसली.

आणि त्या नावानंच घोळ केला.

शर्टांची ऑर्डर देणाऱ्या मल्लिनाथशेठनं पहिला मोठा चेक दिला, अडतीस हजारांचा, बिलावरचं नाव बघून. बँकेतल्या साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"सोजरबाई कोण?"

"ते दुकानाचं नाव हाय साहेब. मालक मीच."

"मग दुकानाचं चालू खातं कुठाय? तुमच्या बचत खात्यात सिस्टीम घेत नाही, मॅडम."

नाकातून म्हणायचे ते. जणू सिस्टीम म्हणजे जेवणावर रुसून बसलेले जावई.

राजश्री तशीच शेठकडं. दुसरा चेक द्या, माझ्या नावानं.

"अय्यो! बिल एका नावाचं, चेक दुसऱ्या नावाचा? माझा सीए मला फाडून खाईल की. बँकेतच बघा तुमी."

झालं. चालू खातं उघडायला एका खेपेला नोंदणीचा कागद, दुसऱ्या खेपेला बोर्डाचा फोटो, तिसऱ्या खेपेला शिक्का. शिक्का आणला तर शाई फिकी. कारखाना सोडून तिच्या मशिनींवर शिलाईला आलेल्या गुरम्मा आणि वैजयंती यांचे दोन आठवड्यांचे पैसे राहिलेले. गुरम्मा मशीन न थांबवता म्हणाली, "शनवारी हातात पडलं तर बरं, अक्का. न्हायतर सोमवारी आमी दोघी कंपनीत परत. पगार तितं कमी, पण येतोय की."

त्या गेल्या तर पुढची ऑर्डर गेली. ऑर्डर गेली तर राजश्रीलाही कंपनीचंच दार.

बुधवारी साहेब जागा बघायला स्वतः आले. राजश्री चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मालक कोण इथं?"

सोजरबाईनं हातातली कात्री बोर्डाकडं केली. "वाचाय येत न्हाय व्हय? मीच सोजरबाई."

"म्हणजे धंदा तुमचा?"

"मग काय शेजारणीचा?"

राजश्री कप घेऊन बाहेर आली तोवर साहेबांचं पेन चाललं होतं. तिनं लाख समजावलं. साहेबांनी चहा पिला, पण ऐकलं नाही. "कागदावर तुम्ही, जागेवर ह्या. आता ह्यांनी लिहून द्यायचं, माझा या व्यवसायाशी कोणताही संबंध नाही."

संध्याकाळी राजश्रीनं तसा कागद लिहून सासूला वाचून दाखवला.

"संबंध न्हाय?" सोजरबाईनं अंगठा पुढं केला. "ह्यो घट्टा बग कात्रीचा. आन संबंध न्हाय?"

"आत्या, नुसतं बँकेपुरतं."

"बँकेपुरतं मंजी? खोटंखोटं मेल्यागत?"

राजश्रीचा आवाज सासूपुढं कधी चढला नव्हता. तो चढला. "मग शनवारी गुरम्माला तुमीच द्या पैसे!" तिनं कागद शर्टांच्या ढिगावर भिरकावला.

मशिनी थांबल्या. सोजरबाईनं गुरम्माकडं बघितलं, गुरम्मानं जमिनीकडं. म्हातारीनं पेन मागितलं आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली पाच अक्षरं ओढत ओढत काढली.

गुरुवारी खातं उघडलं, शनिवारी दुपारी चेक वटला. काहीतरी चार्ज म्हणून तीनशे चोपन्न रुपये आधीच गेलेले. कशाचा चार्ज, हे साहेबांनाही सांगता येईना. पण पैसे गुरम्मा-वैजयंतीच्या हातात पडले. "सोमवारी येतो," दोघी म्हणाल्या, आणि आल्याही.

सोमवारी शर्ट खिडकीच्या कठड्यापर्यंत चढले. एकाचाही धागा तुटलेला नाही. चारला माल न्यायला टेम्पो येणार, आणि सोजरबाई बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"आत्या, कात्री घ्या की."

"माझा या व्यवसायाशी," म्हातारी हुबेहूब साहेबांसारखी नाकातून म्हणाली, "कोणताही संबंध नाही. लिवून दिलंय."

राजश्रीनं कपाळाला हात लावला. घड्याळ बघितलं. "शर्टामागं रुपया देते."

बाज करकरली. "दीड."

"बरं. दीड."

सोजरबाई खाली उतरली, कात्री उचलली. "आन रोख. चेक माजी सिस्टीम घेत न्हाय."