तुरीवरची फवारणी

नवरा गेल्यावर माझी धाकटी बहीण पाचोडजवळच्या आमच्या शेतात राहायला आली. गावातल्या बायका तिला पांढऱ्या पायाची म्हणत. तिनं एकरभर तुती लावली, शेड उभारलं आणि तुतीच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पाळल्या. पहिल्या दोन्ही खेपांना कोष झकास निघाले. मग ती मान वर करून लग्नाकार्यात जाऊ लागली.

मी शहरात शास्त्राचा मास्तर. रविवारी गावी जाऊन सगळ्यांना शहाणपण शिकवायची मला भारी हौस. त्या हिवाळ्यात तुतीला लागून असलेल्या तुरीवर अळी पडली. विषारी औषध नको म्हणून मी अळी मारणाऱ्या बुरशीचं औषध आणलं, पंप पाठीवर घेऊन स्वतः फवारलं आणि वर बहिणीला धडाही दिला. ही बुरशी अळीच्या पोटात जावी लागत नाही. कातडीला चिकटते, तिथंच रुजते, भोक पाडून आत शिरते, अळीला आतून खाते. अळी मेली की अंगावर पांढरी फुटून येते.

"माणसाला काय व्हत नाय ना?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. वारा तुतीकडं वाहत होता. रेशमाची अळीही अळीच, हे शास्त्राच्या मास्तराला सुचलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पुढच्या रविवारी गेलो तर ती शेडमध्ये भुईवर बसली होती. कोष करायला आलेल्या अळ्या रॅकवर मरून पडल्या होत्या, खडूसारख्या कडक, पांढऱ्या. मी बघताक्षणी ओळखलं.

"लोक बोलतेत ते खरंच हाय, दादा. माझ्या हाताला यशच नाय."

जेवल्यावर सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं करत मी संध्याकाळची एसटी धरली. लाज वाटली, दुसरं काही नाही. महिन्याभरात तिनं तुती उपटली. पुढं ती कुणाच्याही कार्यात मांडवाबाहेरच बसू लागली.

काही वर्षांनी माझ्या मुलीच्या हळदीलाही ती बाहेरच बसली. "चल आत," म्हटलं तर म्हणाली, "नगं, लेकराला माझी सावली नगं." मग मात्र मला राहवलं नाही. तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, रडत सांगितलं.



"मंग मी इतकी वर्सं भाईर कामून बसले, दादा?"

आतून मुलगी आत्याला हाका मारत होती. ती उठली नाही.