चाचीचा चिमटा आणि एक्केचाळीस नंबरचा चुंबक

आमच्या लॅबच्या रजिस्टरात तारीख, पावडर, तापमान आणि निकाल असे चार रकाने होते. 'चाचा काय म्हणाले' असा पाचवा रकाना आखला असता तर तोच आधी भरला असता! आता मैत्रिणी जमल्या की लॅबचा एक किस्सा सांगायला घेते आणि त्याला चिकटून दुसरा निघतो. तर ऐका.

धाराशिवच्या एका कॉलेजात आमची लॅब. माणसं तीन. बिराजदार सर, मूळचे मुरुमचे. लॅबचे अटेंडंट महेबूबचाचा, आधी मोटारींचं रिवाइंडिंग करायचे. आणि मी वर्षा, जळकोटहून एसटीनं येणारी, सरांकडे पीएचडी करणारी.

आम्ही चुंबक बनवायचो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत बसतो तसला, ताकदवान. त्यात निओडिमियम नावाचा धातू लागतो. तो मिळायला अवघड आणि येतो परदेशातून. सरांचा हट्ट एकच: निओडिमियम अर्धं करायचं, त्या जागी सहज मिळणारं सिरियम घालायचं, आणि मोटार तापली तरी चुंबकाची पकड सुटता कामा नये.

घोडं अडायचं ते या शेवटच्या अटीवर. चुंबकाला लोखंडी वजन टांगून ओव्हनमध्ये तापवायचं. आतून वजन पडल्याचा 'टण्' आवाज आला की संपलं! रिटायर व्हायच्या आत एक तरी चुंबक असा बनवायचा की टण् होणार नाही, एवढंच त्या माणसाला हवं होतं. दुसरं काही नाही.

*

लॅबच्या दाराशी प्लॅस्टिकचा डबा असायचा. आत येणाऱ्यानं किल्ल्या, पिना, घड्याळ, जे काही लोखंडाचं असेल ते त्यात काढून ठेवायचं. प्राचार्यांनाही सूट नव्हती.

एकदा तपासणीला कमिटी आली. मोठे साहेब म्हणाले, "माझ्याकडे काही नाही." चाचांनी दोनदा विचारलं. साहेब तडक चुंबक भारायच्या मोठ्या मशीनपाशी गेले आणि पट्ट्याच्या बकलासकट जे चिकटले ते तिथंच! दोन्ही हातांनी मशीनला मिठी.

मी स्विच शोधतेय, सरांना घाम फुटलाय. चाचा अदबीनं पुढं झाले.

"साहेब, चहा हितंच आणू का?"

*

माझाही एक आहे. सोलापूरला मोजायला न्यायचा चुंबक मी घरी नेत होते. सुरक्षित राहावा म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. एसटीत डबा मांडीवरून घसरला आणि सीटच्या दांड्याला चिकटला, तो हलेचना.

जळकोट आलं. मी ओढतेय, शेजारची आजी ओढतेय, मागचे दोघं सूचना करतायत. शेवटी कंडक्टर आले, त्यांनीही पाय रोवून जोर लावून पाहिला.

"बाई, तुम्ही उतरा," ते म्हणाले. "ह्याचं तिकीट पुढचं दिसतंय!"

*

भट्टी लावली की सर कानडीत बोलायचे. इतर वेळी कधीच नाही. तापमान चढायला लागलं की काचेपाशी वाकून हळूच म्हणायचे, "सुम्नीर, सुम्नीर." म्हणजे गप्प बैस, शांत राहा.

मी विचारलं, "सर, भट्टीला मराठी कळत नाही का?"

"कळतं गं. पण आम्ही लई दंगा केला की आई कानडीत बोलायची. मग ऐकावंच लागायचं."

तेव्हापासून तापमान भलतंच चढलं की चाचाही काचेपाशी जाऊन म्हणायचे, "सुम्नीर!" आणि काटा खाली यायचा. योगायोग असेल. पण मी रजिस्टरात लिहिलं नाही एवढंच.

*

फेल झालेला चुंबक सर कधी फेकत नसत. त्यावर नंबर घालून कुणाला तरी देऊन टाकायचे. शिंप्याला सुया गोळा करायला, न्हाव्याला कात्री अडकवायला. धाराशिवात कुठंही जा, आमचं अपयश भिंतीला चिकटलेलं दिसायचं.

एक्केचाळीस नंबर मला चांगला आठवतो, कारण तो माझ्या हातचा पहिला. सिरियम माझ्याकडून जरा जास्तच पडलं होतं. थंड असतानाच त्याची पकड कमी भरली. सरांचा नियम होता, पहिल्याच चाचणीत कमी पडला तर ओव्हनमध्ये घालायचाच नाही.

"थंडीतच ज्याच्यात दम नाही, त्याला कशाला तापवायचं?" सर म्हणाले.

मी रडवेली झाले. चाचा म्हणाले, "बेटा, मला दे. तुझ्या चाचीला चिमटा अडकवायला व्हईल."

पुढं आमचे चुंबक सुधारले. मग सरांनी कौतुकानं चाचींसाठी एक जोरदार चुंबक पाठवला, सत्तावन्न नंबर. चार दिवसांनी चाचा हसत आले.

"सर, तुमचा पहिलवान चिमट्यासकट दालमध्ये पडला! चाची म्हणते, ह्यापरीस जुनाच बरा."

आम्ही पोट धरधरून हसलो. सरांनी आणखी एक पाठवला. तोही दालमध्ये! त्यावर महिनाभर हसलो.

*

रिटायरमेंटच्या आठवड्यात शेवटचा चुंबक ओव्हनमध्ये घातला. एकशे बारा नंबर. आम्ही तिघंही काचेपाशी. "सुम्नीर" म्हणायलासुद्धा सरांचा धीर झाला नाही.

टण्.

सरांनी रजिस्टरात 'सुटला' असं लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "वर्षा, तुझा अभ्यास चांगला झाला. बाकी राहू दे." मला रडू आवरेना. तर हा माणूस स्वतः माझ्यासाठी चहा करायला उठला. चाचा मात्र दारातला प्लॅस्टिकचा डबा पुसत बसले, किती वेळ!

*

ईदला चाचांनी आम्हाला घरी बोलावलं. सर रिटायर होऊन दोन महिने झाले होते, जरा वाळलेही होते. शीरखुर्मा झाला. दुसरी वाटी घ्यायला सर स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले, आणि येईनातच. म्हणून मी बघायला गेले.

शेगडीमागं लोखंडी पत्रा होता. बर्नरच्या अगदी वर, जाळाची झळ लागते तिथं, काळपटलेला चुंबक, आणि त्याला लटकलेला चाचींचा चिमटा. सरांनी चुंबकाला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. चिमटा काढला, पुन्हा लावला. खट्कन चिकटला. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

चाचींनी पुढं होऊन पदरानं काजळी पुसली तर खाली माझ्याच अक्षरात नंबर. एक्केचाळीस.

"भाभी," सरांनी विचारलं, "हा कधीपासून इथं आहे?"

"झाली की सहा वरसं. सकाळ-संध्याकाळ ह्याच जाळावर हाय."

"सुटला नाही कधी?"

"न्हाय ओ. पयल्या दिवशी होता तसाच हाय. ते तुमचे दुसरे पडायचे दालमध्ये."

सर शेगडीजवळच्या पाटावर बसले. चाचा दारात उभे, त्यांच्या हातातली वाटी कलंडलेली.

"भाभी, अहो सहा वर्षं! कधी सांगितलं नाही तुम्ही?"

चाचींनी सरांच्या वाटीत शीरखुर्मा वाढला.

"तुमी कवा इचारलं?"