बिब्याचा डाग

ते प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. वऱ्हाड मध्यप्रांतात होते तेव्हाची गोष्ट. भातकुलीकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो आणि चेहरा पाहून माणूस ओळखतो अशी माझी घमेंड होती.

एका माळ्याने फिर्याद दिली. सरकारी देवी टोचणाऱ्याने मुलाला टोचले, दंड सडला, हात वाकडा झाला. अमरावतीच्या कोर्टात त्याने नुकसानभरपाईचा दावाही लावला होता. टोचणाऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती. त्याच दिवशी टोचलेल्या बाकी मुलांचे दंड मी स्वतः तपासले. सगळ्यांच्या जखमा स्वच्छ भरलेल्या होत्या.

तपासाच्या चौथ्या दिवशी गावच्या कोतवालाने खबर आणली. "सायेब, त्या घरात पोराच्या दंडाले बिबा लावला. टोचल्याची गरमी उतराले."

दुखऱ्या जागी बिब्याचे काळे तेल लावायची आमच्याकडे सवयच. पण लहान मुलाची कातडी ते जाळून काढते.

पाटलाच्या ओसरीवर पंच बसवून मी बयाने घेतली. बापाला काही ठाऊक नव्हते. त्याची म्हातारी आई पदर मुठीत गच्च धरून बसली होती. पदरावर काळे ठिपके होते. ते मी पाहिले आणि पुढे गेलो. मग सुनेला, म्हणजे मुलाच्या आईला बोलावले आणि आवाज चढवला. "खोट्या दाव्यासाठी नवऱ्याला आत टाकू काय?"

तिने एकदा सासूकडे पाहिले. "मीच लावला जी. त्याइले काई मालूम नाई."

मी कागदावर तिचा अंगठा घेतला. दावा फेटाळला गेला. टोचणारा सुटला, ते योग्यच झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दोन वर्षांनी कौंडण्यपूरच्या यात्रेत बंदोबस्ताला होतो. देवळापाशी हार विकणाऱ्या एका बाईने मला ओळखले. तीच सून.

"नवऱ्यानं टाकलं मले. पोरगं ठेवून घेतलं."

"पण बिबा तूच लावला होतास ना?"

"सासूनं लावला जी. तिचं नाव घेतलं असतं तं त्या घरात मले कोनं राहू देलं असतं?" ती हारांवर पाणी शिंपडत राहिली. "तिच्या पदराचे डाग तुमी पाहून राहिले होते. मले वाटलं, आता इचारसान."

मला तिच्यासमोर उभे राहवेना. पुढच्याच आठवड्यात मी माळ्याच्या घरी गेलो आणि खरे काय ते सांगितले. मुलगा आजीच्या मागे उभा होता. आजीने मान खाली घातली. माळी म्हणाला, "कागदावर अंगठा तं तिचाच हाय नं, सायेब? तुमीच घेतला."

कबुली मिळाली की पोलीस बघायचा थांबतो, हे मी तिथे शिकलो, पण फार उशिरा.

आमचा धोबी कपड्यांना बिब्यानेच खूण करतो. सदरा घालताना कॉलरच्या आत ती रोज दिसते. बिब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही, हे मला त्या ओसरीवरही ठाऊक होते. म्हातारीला एकच प्रश्न विचारायचा होता. तो मी विचारला नाही, आणि एका आईचे मूल तिच्यापासून तुटले.